तारखेची रेघ

आमच्या आधीच्या दोन पिढ्यांत महाराष्ट्रातली निम्मी माणसं १ जूनला जन्मली. म्हणजे जन्मली ती शिमग्यात, आखाडात, सुगीत, कधीही, पण बाप पोराला घेऊन शाळेत गेला, हेडमास्तरांनी "जन्म कधीचा?" असं विचारलं आणि बापाने "मिरगाच्या आगेमागे असंल" एवढंच सांगितलं, की मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते पाहायचे. लागला तर पोरगं सहा वर्षांचं. मग उलटा हिशेब करून दाखल्यावर १ जून आणि एक साल लिहून टाकायचे. शाळा जूनमध्ये भरायची म्हणून जून, दुसरं काही कारण नाही. या सवयीचा पुरावा अजूनही दरवर्षी दिसतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी राज्यभरच्या कचेऱ्यांत निरोपसमारंभांची गर्दी उसळते आणि त्या दिवशी हारवाल्यांची चांगली कमाई होते.

वाईला आमच्या वाड्यात पोस्टातले अण्णा राहायचे. सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अंगाने बारीक, सकाळी गणपती घाटावर एक फेरी आणि संध्याकाळी एक. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२० अशी तारीख होती. त्यांची आई मात्र सांगायची, टिळक गेले त्याच्या पुढच्या वर्षी, घट बसले त्या दिवशी हा झाला. लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० ला, तेव्हा पुढच्या वर्षीचे घट म्हणजे ऑक्टोबर १९२१. हेडमास्तरांनी अण्णांना सोळा महिन्यांनी मोठं करून टाकलं होतं. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही, उलट पोरगं एक वर्ष आधी शाळेत गेलं म्हणून घरात आनंदच झाला असणार. त्या सोळा महिन्यांची किंमत अण्णांना अठ्ठावन्न वर्षांनी कळली.

दाखल्याप्रमाणे ते ३१ मे १९७८ रोजी निवृत्त झाले. आईच्या हिशेबाने झाले असते तर ३१ ऑक्टोबर १९७९ ला. या दोन तारखांच्या मध्ये, २५ मे १९७९ रोजी, केंद्र सरकारच्या वित्त मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढलं. मोरारजी देसाईंचं जनता सरकार तेव्हा अखेरच्या घटका मोजत होतं आणि अर्थखातं चरणसिंगांकडे होतं. पेन्शनचं सूत्र उदार केलं आहे, असं त्या ज्ञापनात म्हटलं होतं. आधी पेन्शन मोजायला शेवटच्या ३६ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत, ती १० महिन्यांवर आणली. पगार वर्षागणिक चढत जातो, त्यामुळे सरासरी जितकी शेवटाकडची तितकी ती मोठी. त्याआधी तेहतीस वर्षं नोकरी झालेल्याला सरासरीचे ३३/८० मिळत, म्हणजे शेकडा ४१ च्या आसपास; आता पहिल्या हजार रुपयांवर निम्मे, पुढच्या पाचशेवर ४५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर ४० टक्के मिळणार होते. वरची मर्यादा पूर्वी महिन्याला ६७५ रुपयांची असे, तीही वाढली. सगळं चांगलंच होतं. फक्त शेवटी एक अट होती: ३१ मार्च १९७९ रोजी नोकरीत असलेल्या आणि त्या दिवशी किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच हे लागू. लष्करासाठी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेगळं ज्ञापन निघालं आणि त्यात १ एप्रिल १९७९ ही तारीख पडली.

अण्णांनी हा हिशेब एका जुन्या इनलँड पत्राच्या कोऱ्या बाजूवर केला होता. पोस्टातला माणूस, कागद वाया घालवणं जिवावर यायचं. छत्तीस महिन्यांची सरासरी ४८० रुपये, त्याचे ३३/८० म्हणजे १९८. नव्या सूत्राने दहा महिन्यांची सरासरी ५००, त्याच्या निम्मे २५०. फरक ५२ रुपयांचा. खाली त्यांनी एक रेघ ओढली होती आणि रेघेखाली काहीही लिहिलं नव्हतं. तो कागद मी पुढे अनेकदा पाहिला, कारण तो त्यांच्या पेन्शनच्या पिशवीत शेवटपर्यंत होता. बावन्न रुपये म्हणजे काय, असं आज वाटेल. त्यांची सगळी पेन्शन दोनशेच्या आत होती, आणि महागाईने १९७३-७४ सालात २० टक्क्यांची मजल ओलांडल्यापासून अण्णांच्या घरी चहात दूध कमी आणि पाणी जास्त झालं होतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सरकारी नोकर महिनाअखेरीस निवृत्त होतो, हा नियम तोवर रूढ झाला होता. त्यामुळे ३१ मार्चची रेघ प्रत्यक्षात पडली ती ज्यांचं वय फेब्रुवारी १९७९ अखेर अठ्ठावन्न भरलं आणि ज्यांचं मार्चअखेर भरलं, त्यांच्यामध्ये. म्हणजे १९२१ च्या फेब्रुवारीत जन्मलेले एका बाजूला आणि मार्चमध्ये जन्मलेले दुसऱ्या बाजूला. एकाच टेबलावर तीस वर्षं काम केलेल्या दोन कारकुनांना त्यांच्या आयांनी, किंवा हेडमास्तरांनी, मरेपर्यंत दोन वेगळ्या पेन्शनींवर बसवलं.

पेन्शन म्हणजे धन्याची मेहेरबानी, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. मराठी मुलखाने पाहिलेली सगळ्यांत गाजलेली पेन्शन दुसऱ्या बाजीरावाची. १८१८ च्या जूनमध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाख रुपये कबूल करून घेतले आणि ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. इंग्रजांना वाटलं होतं म्हातारा लवकर आटपेल; तो आणखी बत्तीस वर्षं जगला. पेन्शन देणाऱ्याची सगळ्यांत मोठी भीती कोणती, ते कंपनी सरकारला तेव्हाच कळलं असावं. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि डलहौसीने पेन्शन तिथेच थांबवली. नानासाहेबांनी अर्ज केले, अजीमुल्लाखानाला थेट लंडनला धाडलं, काही उपयोग झाला नाही. कबुली बाजीरावापुरती होती, असं उत्तर मिळालं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

ही मेहेरबानीची समजूत १८७१ साली कायद्यात उतरली. त्या वर्षीच्या पेन्शन कायद्याच्या कलम ४ नुसार सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दलचा दावा कलेक्टरच्या दाखल्याशिवाय दिवाणी कोर्टाला ऐकताच येत नसे. देणारं सरकार आणि तक्रार ऐकायची की नाही हे ठरवणारा कलेक्टरही सरकारचाच. त्याच कायद्यातलं कलम ११ मात्र माणुसकीचं होतं. पेन्शनवर सावकाराला जप्ती आणता येत नाही. अण्णांच्या वडिलांच्या पिढीला पेन्शनवाला जावई का हवा असे, याचं अर्धं उत्तर या कलमात आहे. नागरी सेवेच्या नियमांत आणखी एक गंमत होती: पुढील सद्वर्तन ही पेन्शनची गृहीत अट. म्हणजे नोकरी सुटली तरी माणूस सरकारच्या नजरेतून सुटत नव्हता.

पहिला मोठा तडा १९७१ साली गेला. बिहारच्या शिक्षणखात्यातले देवकीनंदन प्रसाद यांची पेन्शन अडली होती. पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, ती मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात सांगितलं. पण देवकीनंदनांचं भांडण पेन्शन मिळावी याचं होतं. मिळणारी पेन्शन शेजाऱ्याइतकी का नाही, हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता.

तो विचारला डी. एस. नकारा यांनी. संरक्षण मंत्रालयाचे वित्त सल्लागार म्हणून ते १९७२ साली निवृत्त झाले होते. मोठा हुद्दा, त्यामुळे त्यांची पेन्शन त्या ६७५ च्या छताला टेकलेली. त्यांच्या जोडीला लष्करातून निवृत्त झालेले एक अधिकारी होते आणि तिसरा अर्जदार होती कॉमन कॉज ही संस्था. एच. डी. शौरी या निवृत्त अधिकाऱ्याने ती १९८० साली दिल्लीत काढली होती. शौरींना पुढे देशाने ग्राहक चळवळीचे म्हणून ओळखलं, पण त्यांच्या संस्थेची पहिली मोठी लढाई होती ती म्हाताऱ्यांची. मला यातली एक बाब महत्त्वाची वाटते. ज्यांना फायलीची भाषा येते, टिपणी कशी लिहायची आणि कशी खोडायची हे ठाऊक आहे, अशी माणसं या खेपेला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. वाईच्या अण्णांनी कोर्टात जाण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आलं. अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, सोबत व्ही. डी. तुळजापूरकर, डी. ए. देसाई, ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि बहारुल इस्लाम. दोघे मराठी. चंद्रचूडांचा जन्म पुण्याचा, १२ जुलै १९२० चा. तुळजापूरकरांचा मार्च १९२१ चा. न्यायमूर्ती पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात, म्हणून त्यांना ही रेघ लागू नव्हती. पण कल्पना करा की हे दोघे पोस्टात चिकटले असते. चंद्रचूड ३१ जुलै १९७८ ला निवृत्त होऊन रेघेच्या अलीकडे राहिले असते, अण्णांच्या बाकावर. आणि तुळजापूरकर ३१ मार्च १९७९ ला, बरोब्बर रेघेवर पाय ठेवून, पलीकडे गेले असते. निकालपत्रात असलं काही नाही, असणारही नाही. माझ्या मनाला हा चाळा आहे.

निकाल लागला १७ डिसेंबर १९८२ रोजी, शुक्रवारी. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धा संपून दोन आठवडेही झाले नव्हते. मुंबईत गिरण्यांचा संप अकरावा महिना ओलांडत होता आणि अडीच लाख कामगारांच्या घरांत पेन्शन हा शब्दही ऐकू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. न्या. देसाईंनी पीठाच्या वतीने निकाल लिहिला. तो लांबलचक आहे, मधूनमधून भाषणाच्या वळणावर जातो. घटनेच्या सरनाम्यात १९७६ साली आलेल्या समाजवादी या शब्दाला त्यात भलतंच काम लावलं आहे. पण मुद्द्याला हात घातला की देसाईंची लेखणी सरळ चालते. पेन्शन कशासाठी? उमेदीत राबलेल्या माणसाला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणार नाही, या भरवशावर त्याने राबून दिलेलं असतं, त्याची ही परतफेड. ती भीक नाही, खुशीचा मामला नाही. मग सूत्र उदार करायचं कारण काय? महागाई. महागाई ३१ मार्चच्या आधी निवृत्त झालेल्याला कमी लागते का? उलट तो जास्त म्हातारा, त्याला जास्त लागते. अठ्ठेचाळीस तासांच्या फरकाने दोघांच्या नशिबात एवढं अंतर पडावं, याला कोणतं तर्कशास्त्र आहे, असं न्यायालयाने विचारलं. सरकारी वकिलांपाशी त्याला खर्चाखेरीज पटण्यासारखं उत्तर नव्हतं.

न्यायालयाने ज्ञापन रद्द केलं नाही. रद्द केलं असतं तर नवे आणि जुने दोघेही उघड्यावर पडले असते. न्यायमूर्तींनी शिंप्यासारखी कात्री चालवली आणि फक्त तारखेचे शब्द कापून काढले. उरलेलं सूत्र आपोआप सगळ्यांचं झालं. मात्र त्याआधीच्या वर्षांची थकबाकी नाही. जुन्यांची पेन्शन नव्या सूत्राने मांडायची ती ३१ मार्च १९७९ पासून पुढची. ही तडजोड शहाणपणाची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी मला हाक मारली. मी चौदा वर्षांचा, आणि त्यांचा चष्मा तेव्हा मोडलेला. बातमी मी मोठ्याने वाचली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली, त्यातली तारीख मला तिसऱ्यांदा वाचायला सांगितली आणि मग काकूंना आत आवाज दिला, "अगं, ते बावन्न रुपये!" तीन वर्षं दोघांच्या बोलण्यात त्यांना हेच नाव होतं, जसं एखाद्या न परतलेल्या भाच्याचं असावं.

आदेश निघायला पुढचं वर्ष उजाडलं. थकबाकी हातात आली तेव्हा अण्णांनी आधी नवा चष्मा केला आणि उरलेल्या पैशाची सहा वर्षांची राष्ट्रीय बचत पत्रं घेतली, आपल्याच जुन्या पोस्टात, आपल्याच जुन्या खिडकीवरून. काकूंना पाटल्या हव्या होत्या. "सोनं चोर नेतो, बचत पत्र चोराला वाचता येत नाही," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. काकूंचा विषय अर्थातच मिटला नाही.

तेव्हापासून १७ डिसेंबर हा पेन्शनर्स डे. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी तो दिवस होतो: मंगल कार्यालय किंवा शाळेचा हॉल, पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना शाल-श्रीफळ, मधुमेह असूनही खाल्लेला पेढा, हयातीच्या दाखल्याबद्दल एखाद्या बँक अधिकाऱ्याचं व्याख्यान, आणि शेवटी आभार मानायला उठलेला माणूस जो व्याख्यात्याहून जास्त बोलतो. नकारांची तसबीर कुठे दिसत नाही. त्यांचं नाव मात्र सगळ्यांना पाठ आहे. वकिलाने आडनावावरून खटला ओळखावा हे समजू शकतं, पण निवृत्त तलाठी आणि निवृत्त परिचारिकाही "नकारा केस" असं सहज बोलून जातात, हे दुसऱ्या कुठल्या निकालाच्या वाट्याला आल्याचं मला दिसलेलं नाही.

न्यायालयाने मात्र आपलाच शब्द हळूहळू आवरता घेतला. रेल्वेत १९५७ साली पेन्शन आली तेव्हा ज्यांनी ती नाकारून भविष्य निर्वाह निधीच पत्करला होता, त्यांतल्या काहींनी पुढे म्हातारपणी आम्हालाही पेन्शनीत घ्या म्हणून दाद मागितली. १९९० साली घटनापीठाने त्यांना नकार दिला: तुम्ही निराळ्या वर्गातले, नकारांचा निकाल पेन्शनवाल्यांपुरता. त्यांच्यावर अन्याय झाला, असं मला वाटतं. एकरकमी पैसे घेतलेल्याला महागाई पेन्शनवाल्यापेक्षा आधी गाठते. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये समान हुद्दा समान पेन्शन या माजी सैनिकांच्या मागणीवर निकाल आला. नकारा खटल्याचा अर्थ एका हुद्द्याच्या सर्वांना सरसकट एकच पेन्शन असा होत नाही, असं त्यात म्हटलं आणि सरकारचं धोरण उचलून धरलं. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. बापाच्या पीठाने पुसलेली रेघ मुलाने पुन्हा ओढली असं म्हणणं चुरचुरीत होईल, पण अन्यायाचं होईल. दोन खटल्यांतले प्रश्न वेगळे होते.

रेघ खरी ओढली गेली ती निराळ्याच ठिकाणी, आणि या खेपेला सरकारने नकारांचा धडा नीट गिरवला होता. निवृत्तीच्या तारखेवर माणसं वाटली तर कोर्ट हाणून पाडतं. मग नोकरीला लागण्याच्या तारखेवर वाटायची. जो अजून आलाच नाही त्याचा हक्क कसला बुडणार? वाजपेयी सरकारची अधिसूचना निघाली २२ डिसेंबर २००३ रोजी, पेन्शनर्स डेनंतर पाचव्या दिवशी. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत येणाऱ्यांना, सैन्यदलं सोडून, जुनी पेन्शन नाही. पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के कर्मचाऱ्याने घालायचे, तेवढेच सरकारने. ते बाजारात गुंतवायचे. निवृत्त होताना ६० टक्क्यांपर्यंत हाती, उरलेल्याची विमा कंपनीकडून वर्षासनं. किती मिळेल हे आधी सांगता येत नाही. जुन्या पेन्शनीत नेमकं हेच सांगता येत होतं.

महाराष्ट्राचा शासन निर्णय ३१ ऑक्टोबर २००५ चा. विलासराव देशमुखांचं सरकार होतं. अंमल दुसऱ्या दिवसापासून, १ नोव्हेंबर २००५. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. या योगायोगावर कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही, कारण तेव्हा कुणाला काही कळलंच नव्हतं. जी माणसं रेघेच्या चुकीच्या बाजूला पडणार होती ती त्या दिवशी बेकार होती, डीएडची पदविका फ्रेम करून घरी बसली होती, आणि फराळ खात होती. त्यांची ना संघटना, ना तक्रार. सरकारला याहून शांत दिवस शोधून सापडला नसता.

अण्णांची नात त्यांतलीच. जून २००६ मध्ये ती जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाली. तिच्या पगारपत्रकावर पहिल्यांदा 'परिभाषित अंशदान' असा शब्द छापून आला तेव्हा शाळेतल्या जुन्या बाईंनी त्याचा अर्थ विचारला, आणि हिलाही तो सांगता आला नाही. आता सांगता येतो. तिला तिच्या पेन्शन खात्याचा प्रान नंबर पाठ आहे, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत पगारातून कापलेल्या रकमेचा हिशेब कुठल्या टेबलावर अडला होता, हेही. परवा मी भेटलो तेव्हा ती मोबाइलवर खात्यातला आकडा दाखवत होती. आकडा लहान नव्हता. "पण काका, याचे महिन्याला किती होतील?" असं तिने विचारलं. मी इतिहास लिहिणारा माणूस, मला वर्षासनाचे दर विचारून काय उपयोग. तिच्याच शाळेत तिच्या शेजारच्या वर्गावरचे गुरुजी ऑगस्ट २००५ मध्ये लागलेले. दोघांचे पगार जवळपास सारखे, दोघांच्या पोरांची फी सारखी. गुरुजींनी मागच्या वर्षी कर्ज काढून घर बांधलं. हिने नाही बांधलं. गुरुजींचा स्वभाव धाडसी आणि हिचा भित्रा, असं नव्हे. दहा महिन्यांच्या अंतराने माणसाचा स्वभाव बदलतो.

मार्च २०२३ मध्ये ती संपात होती. १४ तारखेला सुरू झालेला तो संप सात दिवस चालला. दवाखाने, शाळा, तहसील कचेऱ्या थंड पडल्या. डोक्यावर पांढऱ्या टोप्या आणि त्यांवर 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. गंमत अशी की संपातल्या पहिल्या रांगेतल्या कितीतरी माणसांना जुनी पेन्शन मिळणारच होती. ती दुसऱ्यांसाठी बसली होती. १९७९ मध्ये रेघेपलीकडचं कुणी अण्णांसाठी बसलं नव्हतं. संपाआधीच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं होतं की जुनी पेन्शन दिली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. या आकड्यावर भांडण होऊ शकतं, पण त्यामागची भीती खोटी नाही. जुन्या पेन्शनीसाठी कुठे पेटी भरून ठेवलेली नसते, ती त्या त्या वर्षीच्या महसुलातून जाते, आणि माणसं बाजीरावासारखी जगू लागली आहेत. संप मिटला तो समितीच्या आश्वासनावर. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तोडगा काढला: ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनीचा पर्याय. सुमारे २६ हजार माणसं. म्हणजे रेघ तिथेच राहिली, फक्त ती मोजायची कुठून हे बदललं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली, २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे. महाराष्ट्राने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. सरासरीचे महिने किती धरायचे, निम्मे की कमी, किती वर्षांना पूर्ण, हे शब्द पुन्हा ऐकताना मला अण्णांचं इनलँड पत्र आठवलं.

ही सगळी भांडणं सरकारी नोकरांची, हे विसरता येत नाही. साखर कारखान्यात किंवा सूतगिरणीत हाडं झिजवलेल्या माणसाला कर्मचारी पेन्शन योजनेतून किमान किती मिळावं, याचा आकडा सप्टेंबर २०१४ पासून एकच आहे: महिन्याला १००० रुपये. त्या माणसांना कुठल्या तारखेचं काय? बुलढाण्यात त्यांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं. त्यांच्यासाठी अजून कुणी नकारा उभा राहिलेला नाही.

अण्णा १९९४ साली गेले. काकू त्यांच्यानंतर अकरा वर्षं कुटुंबनिवृत्तिवेतनावर राहिल्या. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला नातीचा हात धरून जायच्या आणि तिथल्या कारकुनाला दरवर्षी तेच सांगायच्या, "लिही बाबा, आहे अजून." त्यांच्या ट्रंकेत बचत पत्रांच्या जुन्या पाकिटाखाली अण्णांचा शाळेचा दाखला होता. तो आता माझ्यापाशी आहे. हेडमास्तरांचं अक्षर मोडी वळणाचं, शाई तपकिरी पडलेली, आणि तारीख स्वच्छ वाचता येते.

मार्च २०२५ मध्ये संसदेने वित्त विधेयक मंजूर केलं. त्यात पेन्शनबद्दलचा एक भाग होता, त्यावर वृत्तपत्रांत फारसं आलं नाही. पेन्शनधारकांत भेद करण्याचा, त्यांचे वर्ग पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि पूर्वीपासून होताच असं मानावं, निवृत्तीची तारीख हा अशा भेदाचा आधार असू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. सध्याच्या कुणाचीही पेन्शन याने बदलत नाही, असा खुलासा अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत केला. ही तरतूद पूर्वलक्षी प्रभावाने लागू आहे. ती कधीपासून अमलात आली असं मानायचं, तेही कायद्यातच दिलं आहे. वर्ष नकारांच्या निवृत्तीचं आणि दिवस अण्णांच्या दाखल्यावरचा: १ जून १९७२.